टाकी वरूनही धरावी लागते

फायबरच्या जुन्या शिडाच्या बोटीत बहुतेकदा आधी पाण्याची टाकी बसवलेली असते आणि डेक नंतर चढवलेला. त्यामुळे गंजलेली टाकी कापून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढायची आणि हॅचमधून आत जातील अशा प्लास्टिकच्या दोन लहान टाक्या बसवायच्या. लिटर कमी झाले म्हणून मालक कुरकुरतो. मला दोनच बऱ्या वाटतात. मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 साली एकटे जगप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा वाटेत टाक्यांतलं पाणी नासलं आणि पावसाच्या पाण्यावर भागवावं लागलं. व्हॉल्व्ह वेगळे ठेवले, तर एक नासली तरी दुसरी वाचण्याची आशा असते.

दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. एवढं वजन हलतंय कुठे, असं धक्क्याला उभ्या बोटीत वाटतं. पण वाऱ्याने बोट कलली की हेच वजन बाजूच्या भिंतीवर येतं आणि लाटेवरून बोट आपटली की टाकी क्षणभर उचलली जाते. अर्धी भरलेली तर जास्त त्रासदायक, कारण आत पाण्याला धावायला जागा असते. म्हणून चारी बाजूंनी ठोकळे आणि वरून आडवी पट्टी.

या टाक्या पॉलिथिलीनच्या, आणि पॉलिथिलीनला रेझिन धरत नाही, काचेचं मॅट कितीही थापा. सगळा जोर ठोकळ्यांवर, म्हणजे ते जिथे चिकटतात त्या जागेवर. तिथे आधी अ‍ॅसिटोनने मेण-तेल पुसायचं आणि मगच घासायचं. उलट केलं तर पॉलिशपेपर ती घाण आत रगडतो. रंग निघून खालची काच दिसेपर्यंत घासायचं. जुन्या फायबरवर मी इपॉक्सीच वापरतो. ठोकळ्याखाली फोमची पट्टी, कोपऱ्यात गोलाई आणि वर कापडाचे तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. लाकडाची धार थेट बोटीच्या अंगाला टेकली, तर लवताना ताण तिथेच साठतो आणि बाहेरून चीर दिसते.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ऐन दमट हवेतच यार्ड भरतं. तेव्हा इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने धुऊन, सुकवून, घासल्याशिवाय पुढचा थर नाही; घाई करणाऱ्या मालकाला मी चहाला पाठवतो.

प्लास्टिकची टाकी भरली की फुगते. म्हणून बाजूला थोडी फट ठेवून टाकी काठोकाठ भरतो, रात्रभर तशीच राहू देतो, आणि सकाळी रबर घालून वरची पट्टी बोल्टने आवळतो. नायलॉनचा पट्टा वापरत नाही. तो भिजला की ढिला पडतो.