उशिरां आलेलें हसूं

स्वतः दिलेला निकाल तीस वर्षांनीं स्वतःच फिरविण्याची वेळ न्यायाधीशावर सहसा येत नाहीं; आम्हां मास्तरांवर येते. माझ्यावर ती गेल्या महिन्यांत एका रविवारीं आली. निमित्त झालें जोएल व ईथन कोएन या अमेरिकन बंधूंच्या 'द हडसकर प्रॉक्सी' या १९९४ सालच्या विनोदी बोलपटाचें.

या बंधूंच्या 'बार्टन फिंक'ला १९९१ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालें आणि १९९६ सालीं 'फार्गो' गाजला. मधलें हें अपत्य मात्र उपेक्षित राहिलें. कोट्यवधि डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रानें अमेरिकेंतल्या चित्रगृहांत तीस लाख डॉलरही मिळविले नाहींत. यंत्र सुबक, पण आंत हृदय नाहीं, असा टीकाकारांचा आक्षेप होता. कॅप्राच्या चित्रांविषयीं बोलतांना मीं तोच आक्षेप वर्गांत ठणकावून सांगितला. चित्र मीं निम्मेंच पाहिलें होतें, हें मात्र सांगितलें नाहीं! माझा गणितज्ञ मित्र तेव्हांपासून विचारीत आला आहे, "तूं तें पुरतें पाहिलेंस का रे?" आणि मी दर वेळीं विषय बदलीत आलों.

त्या रविवारीं त्यानें मला शेवटपर्यंत बसविलें. १९५८ सालचें न्यूयॉर्क. कंपनीचा अध्यक्ष चव्वेचाळिसाव्या मजल्यावरून उडी घेतो. भागांची किंमत कोसळावी व ते आपणांस स्वस्तांत मिळावे, म्हणून संचालक टपालखान्यांतल्या एका भाबड्या खेडवळ तरुणाला त्या खुर्चीवर बसवितात. पॉल न्यूमननें रंगविलेला चिरूटधारी संचालक पाहून बँकेंत नोकरी करणारा आमचा तिसरा मित्र म्हणाला, "हा गृहस्थ मीं पाहिलेला आहे." इतकें बोलून तो डुलक्या घेऊं लागला.

तरुणाजवळ कल्पना एकच: कागदावर काढलेलें वर्तुळ. त्यांतून कमरेभोंवतीं फिरविण्याचें कडें तयार होतें. तें कोणी घेत नाहीं. किंमत उतरत उतरत फुकटावर येते, आणि दुकानदार वैतागून सगळीं कडीं गल्लींत फेकून देतो. त्यांतलें एक घरंगळत रस्ते ओलांडतें, एका मुलाच्या पायांशीं येऊन गिरकी घेतें व आडवें होतें. मुलगा तें उचलून कमरेभोंवतीं फिरवूं लागतो. इतक्यांत शाळा सुटते, पोरांचा लोंढा त्याच्यासमोर येऊन थबकतो आणि दुसऱ्याच क्षणीं दुकानाकडे धांवतो. येथें मी इतक्या मोठ्यानें हसलों कीं, झोपलेला मित्र जागा झाला.

हृदय नाहीं म्हणणाऱ्यांनीं हें पोर पाहिलें नसावें. मीं तर नव्हतेंच पाहिलें. तरी माझी हार संपूर्ण नव्हे. त्यांतली ती भराभर बोलणारी बातमीदार बाई मला अजूनही जुन्या चित्रांची नक्कल वाटते, आणि घड्याळाचे कांटे थांबवून केलेला शेवट फार सोयीचा वाटतो. गणितज्ञाला हें मान्य नाहीं. त्या शेवटावर आम्ही रात्रीं साडेअकरापर्यंत भांडलों.

निघतांना जोडे चढवीत त्यानें विचारलें, "मग वर्गाला केव्हां सांगणार?"

त्या वर्गांतल्या मुलांचे केस आतां पिकले असतील.