मागच्या जिन्याची किल्ली

सॉफ्टवेअरवाल्यांना 'मल्टी-टेनंट' हा शब्द काही नवा नाही. सर्व्हर एकच, गिऱ्हाईकं दहा, आणि प्रत्येकाला वाटतं की घर आपल्या एकट्याचंच आहे. एकाने मेमरी खाल्ली की बाकीचे नऊ रखडतात. गंमत म्हणजे असल्या सिस्टिम्स बनवणारे आपण ज्या इमारतीत बसतो, तीही मल्टी-टेनंटच असते. तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, हे कधी विचारलंय?

मी विचारलं. त्याची ही हकिगत.

आमची इमारत सात मजली. तळाला फर्निचरचं शोरूम, वर क्लासेस, एका सीएचं ऑफिस, दोन कॉल सेंटरं आणि सहाव्यावर आमचं हापिस. जिने दोन. पुढचा सगळ्यांच्या ओळखीचा, मागचा फक्त भिंतीवरच्या नकाशात. एका फायर ड्रिलला मी मुद्दाम मागच्याने उतरलो. चौथ्या मजल्यावर मोडक्या खुर्च्यांचा ढीग, दुसऱ्यावर पाण्याचे रिकामे जार, आणि तळाच्या दाराला चक्क कुलूप!

वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, किल्ली शोरूमवाल्यांकडं असते. मागनं माल जातो ना त्यांचा. नऊला बंद करून जातात ते."

आता आमचे रिलीज असतात अमेरिकेच्या वेळेने. म्हणजे रात्री दोन वाजता सहाव्या मजल्यावर आठ-दहा पोरं-पोरी काम करतायत, आणि बाहेर पडायच्या दोन वाटांपैकी एकीची किल्ली पाच तासांपूर्वीच घरी जाऊन झोपलीय.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आमचा अॅडमिन म्हणाला, "आपल्या जागेतलं सगळं ओके आहे." खरंच होतं. सिलिंडरच्या तारखा बरोबर, स्प्रिंकलर जागेवर. जागामालक म्हणाले, जिना सोसायटीचा. सोसायटी म्हणाली, कुलूप शोरूमचं. शोरूमवाले म्हणाले, आधीपासून असंच आहे. यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांच्या युनिट टेस्ट हिरव्यागार, इंटिग्रेशन टेस्ट मात्र कुणी लिहिलीच नव्हती.

ती लिहिली नाही की काय होतं, ते बंगळुरूने पाहिलंय. २३ फेब्रुवारी २०१० ला तिथल्या कार्लटन टॉवर्समध्ये आग लागली. आमच्यासारखीच सात मजली, अनेक कंपन्यांची हापिसं असलेली इमारत. ज्वाळांपेक्षा घात केला तो धुराने. विजेच्या केबल्सच्या डक्टमधून तो वर चढला, आणि बाहेर पडायच्या वाटांना कुलपं होती. लोकांनी खिडक्या फोडल्या, काहींनी वरून उड्या टाकल्या. ९ जण गेले. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्समधल्या गच्चीवरच्या पबला आग लागली, १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. आग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. माणसं बहुतेक वेळा मरतात ती धुराने आणि न उघडणाऱ्या दाराने.

त्या डक्टवरून आठवलं. आमच्या मजल्यावरचा केबलचा शाफ्ट उघडून बघितला. नियम असा, की केबल जिथून मजला ओलांडते तिथलं भोक आग न पकडणाऱ्या मसाल्याने बुजवायचं, नाहीतर शाफ्टची चिमणी होते. प्रत्यक्षात दर नव्या भाडेकरूने इंटरनेटसाठी एक नवं भोक पाडलेलं. त्यात एक आमच्याही लीज लाइनचं.

मग कायदा वाचला. महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. आगीची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी तो मालकावर टाकतो, तशीच भोगवटादारावरही. म्हणजे भाडेकरूही सुटत नाही! आणि यंत्रणा नीट असल्याचं लायसन्स असलेल्या एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यावं लागतं. सोसायटीकडे मागितलं, तर मिळालं की! ताजं, शिक्क्यासकट. कुलूप असलेल्या दारासकट सगळं 'सुस्थितीत'.

खरं सांगायचं तर शोरूमवाल्यांचीही बाजू होतीच. चोरी खरी होती. त्यांना "कुलूप काढा" म्हणणं म्हणजे बग रिपोर्टवर नुसतंच "फिक्स करा" लिहिण्यासारखं. उपाय निघाला तो पॅनिक बारचा. दारावर आडवा दांडा, बाहेरून दार बंद, आतून ढकललं की उघडतं आणि भोंगा वाजतो. सातही मजल्यांच्या लोकांना एकाच ई-मेलमध्ये घेतलं, खर्च वाटून घेतला. आमचा वाटा टीमच्या एका पार्टीच्या बिलाएवढा निघाला. तरी दांडा बसायला दोन महिने लागले. खुर्च्या गेल्या, जार मात्र अधूनमधून परत उगवतात. शाफ्टची भोकं अजून तशीच आहेत, विषय म्हणे पुढच्या वार्षिक सभेत येईल. मी दर महिन्याला आठवण करून देतो. सोसायटीचे सेक्रेटरी आता मला बघून रस्ता बदलतात :)

असो. उद्या रविवार, परवा हापिस. सोमवारी घरी निघताना लिफ्ट सोडा आणि मागच्या जिन्याने उतरा. वाटेत काय काय पडलंय ते बघा. तळाशी पोचलात की दार ढकला. उघडलं तर उत्तम. नाही उघडलं, तर किल्ली कुणाकडे असते आणि तो किती वाजता घरी जातो, एवढं तरी विचारून घ्या.