टेंभी नाक्यावरील पीतांबर

ठाणें शहरांत नाके पुष्कळ. जांभळी नाका आहे, तीन हात नाका आहे. परंतु आमच्या घरांत कोणी नुसतें "नाक्यावर जाऊन येतों" असें म्हटलें, तर तो टेंभी नाका असें समजावें. स्टेशनांत उतरलेला पाहुणा बाजार पाहत पाहत चालूं लागला, तर पंधरा-वीस मिनिटांत येथें येऊन पोहोंचतो. वाटेंत मासुंदा तलाव लागतो; त्याच्या कांठीं कौपिनेश्वराचें देऊळ आहे, आणि तलावाजवळच ख्रिस्ती मंडळींचें सेंट जॉन बाप्तिस्त यांचें देवालय आहे. नाक्याच्या परिसरांत बेने इस्रायल समाजाचें १८७९ सालचें प्रार्थनामंदिर उभें आहे. त्याचें नांव 'शार हाशामाईम', म्हणजे स्वर्गद्वार. पारश्यांची अग्यारीही जवळच. इतके देव एवढ्याशा जागेंत शेजारधर्मानें राहतात, आणि त्यांच्यामधून रिक्षा मात्र कोणताच धर्म न पाळतां धांवतात!

अलीकडच्या काळांत नाक्याची प्रसिद्धि वाढली ती उत्सवांमुळें. १९७८ सालीं कै. आनंद दिघे यांनीं येथें सुरू केलेला नवरात्रोत्सव आणि येथील दहीहंडी यांसाठीं दूरदूरचे लोक येतात. गोपाळकाल्याच्या दिवशीं थरांवर थर चढूं लागले, म्हणजे आमच्यासारख्या वृद्धांनीं घरीं बसावें हेंच बरें. परंतु त्याआधींचे पंधरा दिवस बाजार पाहण्याजोगा असतो. श्रावण लागला कीं दुकानांच्या दारांवर तयार कृष्ण ओळीनें टांगलेले दिसतात. पिवळें चकचकीत साटीन, डिंकानें चिकटविलेली किनार, आणि एका पावसांत मऊ पडेल असा पुठ्ठ्याचा मुकुट. लहान, मध्यम, मोठा अशीं त्यांचीं तीन मापें असतात.

असला एक कृष्ण विकत घ्यावयाचा नाहीं, असें आमच्या घरांत ठरलें, त्याची ही हकीकत आहे.

माझी नात तिसरींत आहे. तिच्या शाळेंत काल्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हां मुलांनीं कृष्ण व पेंद्या व्हावें आणि मुलींनीं राधा व गोपी व्हावें, अशी वांटणी झाली. पोरीला कालियाच्या फणेवर नाचावयाचें होतें. दोन दिवस घरांत अबोला होता. तिसऱ्या दिवशीं तिच्या बापानें तिला जवळ घेऊन मोबाईलवर दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा 'कालियामर्दन' हा मूकपट लावून दिला. सुदैवानें या बोलपटाच्या बराच आधींच्या चित्राचा मोठा भाग आजही पाहावयास मिळतो. त्यांत कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. त्या वेळीं ती सुमारें सात वर्षांची होती. चित्राच्या आरंभीं ती साध्या मुलीच्या रूपांत निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग पाहतां पाहतां त्याच चेहऱ्यावर कृष्णाचा वेष उमटतो. तो क्षण आमच्या नातीनें किती वेळां फिरवून पाहिला, हें मोबाईलच जाणे.

ज्या काळीं 'राजा हरिश्चंद्रां'त तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषास करावें लागलें, आणि 'लंकादहनां'त राम व सीता हे दोघेही तेच झाले, त्या काळाला सहा-सात वर्षें होतात न होतात तोंच एक बालिका कृष्ण झाली, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. सूनबाईंनीं तेंच दृश्य शाळेंतील बाईंना नेऊन दाखविलें. बाई हंसल्या, आणि एकाऐवजीं दोन कृष्ण करण्याचें त्यांनीं कबूल केलें. आमच्या शेजारच्या एका काकूंचें मात्र समाधान झालें नाहीं. "मुलीच्या जातीला राधाच शोभते," असें त्या अजून म्हणतात. म्हणोत बापड्या.

आतां प्रश्न वेषाचा. नातीला "अगदीं त्या मुलीसारखाच" हवा होता, आणि चित्र तर काळेंपांढरें! एकानें म्हणावें वस्त्र निळें असेल, दुसऱ्यानें म्हणावें पांढरें. येथें माझ्या चिरंजीवांनीं एक चांगली माहिती सांगितली. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून कपाळावरचें लाल कुंकू चित्रांत काळें उमटे, निळें आकाश पांढरें होई, आणि पिवळें वस्त्र आपल्या डोळ्यांना वाटतें त्याहून गडद येई. अर्थात् पडद्यावरील करड्या छटेवरून मूळ रंग सांगूं जाणें हें व्यर्थ. मग मीं माझें शास्त्र बाहेर काढलें. अमरकोशांत विष्णूच्या नांवांमध्यें 'पीतांबर' हें नांव आहे, तेव्हां वस्त्र पिवळें, हा निकाल झाला. भागवताच्या दशम स्कंधाच्या सोळाव्या अध्यायांत कालियाची कथा आहे. तेथें कदंबावरून डोहांत उडी घेण्यापूर्वीं कृष्णानें कमरेचा बंद घट्ट आवळला, असें म्हटलें आहे. व्यासांना शिवणकामाचें मर्म कळत होतें, अशी आमच्या सौभाग्यवतींची तेव्हांपासून खात्री झाली आहे.

कापड कोणतें, यावर मात्र घर कांहीं काळ गप्प बसलें. सौभाग्यवतींनीं कपाट उघडून माझ्या वडिलांचा पीतांबर बाहेर काढला. याच पीतांबरांत वडिलांनीं वर्षानुवर्षें गणपतीची पूजा केली. त्यांच्या मागें तो मीं नेसत होतों. पुढें घड्यांवर रेशीम विरत चाललें, आणि दहा वर्षें तो नुसता घडी घालून ठेवलेला होता. पिवळेपणा जाऊन त्याला मधासारखा रंग आला होता. किनारीची जर मात्र शाबूत होती. "कापूं का?" एवढेंच त्यांनीं विचारलें. मीं रात्रभर उत्तर दिलें नाहीं. सोवळ्याचें वस्त्र, तेंही वडिलांचें, आणि त्याला कात्री लावावयाची ती शाळेच्या नाटकासाठीं! सकाळीं स्नान करून देवांपुढें बसलों, तेव्हां असें मनांत आलें कीं कपाटांत तें विरून जाणारच आहे. विरण्यापूर्वीं एकदां नाचेल. मीं "कापा" म्हणालों.

पुढचें काम सोपें नव्हतें. त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हावयाची आहे. दोन वर्षें यंत्राला हात लागला नव्हता. पायाच्या यंत्राला तेल घातलें, पट्टा बदलून आणला. सुईंत दोरा ओंवण्याचें काम नातीकडे दिलें. ती जीभ बाहेर काढून तें करी, आणि प्रत्येक वेळीं मोबदल्याची एक लाडूची वडी घेई.

विरलेलें रेशीम एकटें टीप सोसत नाहीं. टांका पडला कीं त्याच रेषेंत फाटतें. म्हणून आधीं वस्त्राचा धड भाग उजेडाकडे धरून निवडला, त्याला खालून जुन्या मलमलीचें अस्तर दिलें, आणि दोहोंना मिळून हातानें धांवदोरा घातला. पन्हा मुलीच्या उंचीच्या मानानें फार मोठा. तो वरच्या बाजूनें कापला, म्हणजे जरीची किनार पायाशीं तशीच राहिली. खरी मेख पुढें होती. नेसलेलें धोतर आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेवर उड्या मारतांना टिकत नाहीं. सौभाग्यवतींनीं पिवळ्या सुती चड्डीवर निऱ्या एकेक करून टाचल्या, कासोटा मागें नेऊन तिथेंच पक्का शिवला, आणि वर रुंद नेफा करून त्यांत दुहेरी नाडी घातली. बाहेरून पाहणाऱ्याला तें नेसलेंच वाटतें. त्यांत शिंप्यालाही सांपडूं नये अशी सफाई होती, हें मीं नवरा म्हणून सांगत नाहीं.

मुकुटासाठीं आम्हीं दोघें एके दिवशीं मुंबईस गेलों. मस्जिद स्टेशनांत उतरून भुलेश्वरापर्यंत पायीं. तेथें देवांचे पोशाख, जरीच्या फिती, टिकल्या आणि खोटे मोती यांच्या गल्ल्याच आहेत. बालकृष्णाच्या अंगठ्याएवढ्या मुकुटापासून मनुष्याच्या डोक्याच्या मापापर्यंत सर्व कांहीं मिळतें. आम्हीं तयार मुकुट घेतला नाहीं, फक्त किनार व मणी घेतले. घरीं जाड बक्रमचे दोन थर खळीनें चिकटवून, वाळवून, त्यावर पीतांबराचाच एक तुकडा ताणून बसविला. मोरपीस शिवून टांकलें.

कार्यक्रमाच्या दिवशीं पाऊस असा कीं तलाव आणि रस्ता एकच झालेला. स्टुलाचा कदंब, पुठ्ठ्याचा कालिया. नातीनें नाडी स्वतः दोनदां आवळली आणि उडी मारली. कासोटा जागचा हलला नाहीं. दुसरा कृष्ण, बाजारचा, फणेवर चढतांना धोतरांत पाय अडकून बसला. तेव्हां आमच्या कृष्णानें हात धरून त्याला उठविलें, आणि दोघे मिळून नाचले. प्रेक्षकांना तें मुद्दाम बसविलेलें वाटलें असावें, कारण टाळ्या पुष्कळ पडल्या. सौभाग्यवतींना एवढ्या अंतरावरून नातीचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण जरीची किनार दिसत होती, आणि "तीच ना ती?" असें त्या मला पुनःपुन्हां विचारीत होत्या. मीं प्रत्येक वेळीं होय म्हणालों. माझ्या वडिलांची किनार मीं कोठेंही ओळखली असती.

परत येतांना नाक्यावर दुसऱ्या दिवशींच्या हंडीचे दोर बांधण्याचें काम चाललें होतें. एका गोविंदानें वरून हांक मारून आमच्या कृष्णाला नमस्कार केला, आणि कृष्णानेंही छत्री सांवरून तो घेतला.

पीतांबराच्या उरलेल्या धड भागांतून सौभाग्यवतींनीं गणपतीसाठीं चौरंगावर घालण्याचें आसन शिवलें. त्याहूनही जें उरलें, तें नातीनें बाहुलीसाठीं मागून नेलें.