तेल भाकरीत नसतं, कालवणात असतं

हृदयाला मानवेल असा स्वयंपाक करायचा म्हटलं, की नातेपुत्यातल्या घरांत आधी ओट्सचं पाकीट येतं. रोज चूल सांभाळून माझं मत मात्र उलटं झालं आहे. माळशिरस तालुक्यात रोज थापली जाणारी ज्वारीची भाकरी याच कामाची आहे. १०० ग्रॅम ज्वारीत स्निग्धांश जेमतेम २ ग्रॅम आणि तंतू १०च्या आसपास. शिवाय भाकरीला पाणी लागतं, तेल नाही. मालदांडी ३५-१ हे वाण तर आपल्याच जिल्ह्यात, मोहोळला निवडलेलं. घोटाळा होतो तो भाकरी ज्यात कुस्करतो त्या कालवणात. वर तरंगणारी तर्री निव्वळ तेल असते, आणि १ ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात. तेच पिष्टात ४.

तेलाशिवाय चव नाही, असं लोक म्हणतात, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. मसाल्याचा वास तेलातच उतरतो. पण वास उतरायला चमचाभर तेल पुरतं, पळीभर लागत नाही. कांदा कोरड्या तव्यावर काळसर भाजावा, करपायला लागला तर पाण्याचा हबका मारावा, आणि झाकणीत पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवावी. ही रीत आपल्या आज्यांचीच आहे. दाटपणासाठी सुक्या खोबऱ्याऐवजी डाळव्याचं पीठ चालतं. शेंगदाण्याचं प्रकरण जरा नाजूक. दाण्यांतला स्निग्धांश बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाचा वैरी नव्हे. पण दाण्यांच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच असतो. तेव्हा कालवणात कूट पडलं, तर फोडणीचं तेल तेवढं कमी व्हायला हवं. आपण दोन्ही घालतो, वर चटणीही वाढतो. करडईचं तेल चांगलं, त्यात संपृक्त स्निग्धांश कमी. म्हणून ते हात सैल सोडून ओतावं असं नाही. उष्मांक सगळ्या तेलांचे सारखेच.

जुनी माणसं तूप-शेंगा खाऊन ठणठणीत होती, हा दुसरा आक्षेप. ती नांगरामागे चालायची. आपण शेतातही मोटारसायकलने जातो. आणि ठणठणीत राहिलेलीच माणसं आपल्याला आठवतात, हेही खरंच. उपवासाचं काय, असंही विचारतात. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी असते, त्यामुळे इथे एकादशी पुष्कळ घरांत कडक. पण कूट आणि तूप घातलेल्या साबुदाण्यानेच ती पाळावी, असं कुठे आहे? भगर, उकडलेलं रताळं, काकडी आणि ताक यांनीही उपवास घडतो. मिठाचं मात्र वेगळं बघावं लागतं : जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आणि ठेचा, पापड, लोणचं मिळून ते सहज ओलांडतात.

सगळ्यात चुकीचं मला वाटतं ते आजारी माणसासाठी वेगळं पातेलं चढवणं. घरातल्या बाईचं काम दुप्पट होतं, त्या माणसाला शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि बाकीचे तर्री ओरपत राहतात. पातेलं एकच असावं, तेल सगळ्यांचंच कमी व्हावं. हिशोब सोपा आहे. माणशी महिन्याला अर्धा किलो तेल धरलं, तर पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा सहा महिने पुरायला हवा. नवा डबा फोडाल, त्या दिवशी त्यावर तारीख लिहून ठेवा.