चुकलं म्हणून लिहा

आमच्या पोराची तिसरीच्या वर्षाची ती वही अजून घरात आहे. दोनशे पानी, दोन रेघी. आत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच नक्षी. उभे फराटे, मधेच एखादं गोल, त्याला चिकटलेलं शेपूट, आणि वर शिरोरेघ मात्र पट्टीनं ओढल्यासारखी सरळ. लांबून पाहिलं तर मराठी वाटतं. डोळ्यांजवळ आणलं की एकही अक्षर सापडत नाही. आणि प्रत्येक पानाखाली लाल शाईत बरोबरची खूण, शेजारी सही, तारीख.

मी एसटीत कंडक्टर आहे, कळंब आगारात. आमच्या धंद्यात चूक लपत नाही. रात्री कॅश भरायला उभं राहिलं आणि वेबिलाशी दहा रुपये जुळेनात, तर ते आपल्या खिशातून जातात. त्यामुळे वही पाहून मला आधी राग आलाच नाही. एवढंच वाटलं, रोजचा हिशोब जुळत नसताना रोज सही होते कशी?

पण वही मी पाहिलीच उशिरा. बायकोनं आधी पाहिली. पुढं गावात ‘लेकरासाठी बाप लई पळाला’ असं झालं, म्हणून हे लिहून ठेवतो. पळाली ती. मी ड्युटी बदलून घेत होतो.

आमच्यासारख्या थोड्या वेगळ्या लेकरांच्या गोष्टी पेपरात येतात, सिनेमात येतात, त्यात शाळा दार लावून घेते. आमच्या गावच्या शाळेनं दार कधीच लावलं नाही. पट टिकवायची चिंता असलेल्या शाळेत कुठलंही लेकरू जड होत नाही. दाखला पाच मिनिटांत झाला. सर भला माणूस. दोन वर्ग एका खोलीत, वर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं, तरी आमच्याला कुणी चिडवलं तर दम भरायचे. स्वतःच्या डब्यातलं द्यायचे. भेटलं की म्हणायचे, “काही काळजी करू नका. बसतंय निवांत. खिचडी पोटभर खातंय. कुणाला त्रास नाही त्याचा.” आणि खरोखर कुणाला त्याचा त्रास नव्हता. मागच्या भिंतीला टेकून तो वर्षभर शिरोरेघा ओढत होता, वर्षाच्या शेवटी वरच्या वर्गात जात होता. पाचवीला आणि आठवीला परीक्षा पुन्हा सुरू झाली ती अलीकडे, त्याआधी आठवीपर्यंत गाडीला ब्रेकच नव्हता.

बायको वही घेऊन गेली तेव्हा मी सोबत होतो. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, “सर, चुकलं म्हणून लिहा की.”

“ताई, लेकराचं मन दुखतं हो.”

“बाकीच्यांचं दुखत नाही का? त्यांचं चुकलं तर गोल करता, पाच वेळा लिहायला लावता. ह्याला एकदा तरी लिहायला लावा. घरचा अभ्यास द्या. नाही केला तर रागवा.”

सर माझ्याकडं बघू लागले, बाई असं काय मागते म्हणून. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. आईबाप शाळेत जातात ते पोराला मारू नका, बोलू नका म्हणायला. ही रागवा म्हणत होती.

घरी येताना मला गाडीतला एक प्रकार आठवला. गाडीत लोक आम्हाला मास्तरच म्हणतात. ‘मास्तर, दोन येरमाळा.’ तर असं एखादं थोडं वेगळं लेकरू सोबत घेऊन बाई चढली की मी त्याच्याकडं बघून हसायचो, डोक्यावरून हात फिरवायचो आणि बाईला विचारायचो, “ह्याला कुठं उतरायचं?” ते लेकरू तिथंच उभं. वर्षानुवर्षं मी असं करत होतो आणि स्वतःला प्रेमळ समजत होतो.

मग दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्याची तपासणी. धाराशिवला जायचं. ढोकीवरून गाडी निघाली की एका अंगाला तेरचा रस्ता लागतो. कुंभार संत गोरोबाकाकांचं तेर. त्यांची ती गोष्ट आमच्याकडं लहानपणीच कानावर पडते. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाई काकांना म्हणते, ही मडकी पारखून बघा. काका थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. बाकीचे शांत बसतात, नामदेव तेवढा कळवळतो. निकाल लागतो, हे मडकं कच्चं. आमच्या जिल्ह्यातली ही पहिली बुद्धिमत्ता चाचणीच म्हणायची.

तपासणीच्या खोलीत टेबलावर लाकडी पाटी होती, तिच्यात खाचा, आणि बाजूला ठोकळे. गोल, चौकोन, चांदणी. तपासणाऱ्या बाईंच्या हातात वेळ मोजायचं घड्याळ. आमच्यानं चांदणी उचलली, खाचेवर ठेवली, बसेना. फिरवली. पुन्हा बसेना. बायकोचा हात आपोआप पुढं गेला आणि बाईंनी तो हळूच अडवला. तेवढ्या वेळात मी खिशातली सुटी नाणी दोनदा मोजली. शेवटी चांदणी बसली, त्यानं वर बघितलं, तोवर बाईंनी आकडा लिहूनही टाकला होता.

परतीच्या गाडीत तीच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. कीर्तनात ती नामदेवाचा अहंकार उतरला म्हणून सांगतात. मला त्या दिवशी पुढचा भाग मोठा वाटला. नामदेव रडत विठ्ठलाकडं जातो, आणि विठ्ठल त्याला असू दे म्हणून जवळ घेऊन बसत नाही, विसोबा खेचराकडं धाडतो. औंढ्याला. कच्चा ठरला म्हणून त्याला गुरू मिळाला. आमच्या शाळेतही ‘गणितात कच्चा’ हाच शब्द आहे, पण तो निकाल म्हणून वापरतात. कुंभाराला विचारा, कच्चं मडकं म्हणजे अजून आव्यात घालायचं राहिलेलं.

प्रमाणपत्र आलं. बौद्धिक अक्षमता, सौम्य, 50 टक्के. माझा मेहुणा म्हणाला, “चला, पहिल्यांदाच पन्नास टक्के पडले.” आम्ही सगळे हसलो, आणि मग बायको आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आमच्या भागात टक्क्यांचं वेड काही कमी नाही. शेजारी लातूर, तिथला पॅटर्न, दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत पोरांचे फोटो. त्या हिशोबात हे पन्नास कुठं मांडायचे, कुणी शिकवलेलं नव्हतं.

दिव्यांगाचं कार्ड झालं आणि एसटीत 75 टक्के सवलत लागू झाली. माझ्याच गाडीत माझंच लेकरू पाव तिकिटात. शाळेनंही प्रवासभत्त्याचे, मदतनीस भत्त्याचे कागद झपाट्यानं केले. पासबुकाची झेरॉक्स, फोटो, सही, सगळं दोन दिवसांत. कुणी टाळाटाळ केली नाही. पैशाला छापील नमुना असतो, भरला की झालं. ‘ह्याला या महिन्यात काय शिकवलं’ याचा नमुना मागितला तेव्हा मात्र सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

तो नमुनाही असतो हे आम्हाला विशेष शिक्षिकेनं सांगितलं. वैयक्तिक शिक्षण आराखडा. गट साधन केंद्रातून त्या यायच्या, स्कूटीवर, महिन्यातून एकदा, कधी दोनदा. त्यांच्याकडं शाळा किती होत्या ते त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि बोटं संपली. सुप्रीम कोर्टानं 2021 साली ठरवून दिलंय की प्राथमिकला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक हवा, माध्यमिकला पंधरांमागं एक. राज्यानं 2024 मध्ये शाळांच्या केंद्राला एक या हिशोबानं 4,860 पदांना मान्यता दिली. एका केंद्रात दहा-बारा शाळा धरा, आणि मधली अंतरं आमच्या तालुक्यातली धरा. बाईंची स्कूटी रस्त्यात बंद पडायची तेव्हा त्या माझ्या गाडीनं यायच्या.

त्यांनी कायद्याच्या चार पानांची झेरॉक्स दिली. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा, 2017 च्या एप्रिलपासून लागू झालेला. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस. बायको बारावी झालेली आहे. तिनं ती पानं रात्री चुलीपुढं बसून वाचली आणि सोळाव्या कलमात एका ठिकाणी बॉलपेननं रेघ मारली. शाळेनं अशा प्रत्येक मुलाचा सहभाग, त्याची प्रगती किती झाली, शिक्षण पूर्ण होतं की नाही, यावर लक्ष ठेवायचं आहे, अशा अर्थाचं ते वाक्य. ती म्हणाली, “हे बघा. वही खरी तपासायची, हे कायद्यात हाय.”

शाळा व्यवस्थापन समितीत मी होतो. तिथं 75 टक्के सदस्य पालक असतात, त्यात मीही एक, बहुतेक ड्युटीवर. एका बैठकीला गेलो. कुंपणाची भिंत, नळ, पंधरा ऑगस्टचा खाऊ, असं होत होत शेवटी मी विषय काढला. एक जण म्हणाला, “मास्तर, तुमच्या एका लेकरासाठी सर किती वेळ देणार? आमची पण हायेत की.” त्याचं चूक नव्हतं. मला उत्तर सुचलं नाही. कायद्याचा कागद माझ्या खिशात होता, पण गावातल्या माणसापुढं कलम काढणं म्हणजे त्याच्या दारात पोलीस उभा करण्यासारखं वाटलं मला. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बाई, कधीच न बोलणाऱ्या, म्हणाल्या, “आमच्या पोरीला ऐकू कमी येतंय. मी सांगितलं नव्हतं. तिला पुढं बसवा.” मग आणखी एकीनं आपल्या पोराचं काढलं. तासाभरात एकाची तीन झाली. तो माणूस नंतर चहाच्या टपरीवर मला म्हणाला, “माझ्या धाकट्याचं पण एकदा बघायला सांगा बाईंना.”

विशेष शिक्षिकेनं पहिल्या भेटीत आम्हाला जे विचारलं, ते तोवर कुणी विचारलं नव्हतं. याला आवडतं काय? बायको म्हणाली, “एसटी.” बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि माझ्याकडून जाड अक्षरात पाट्या लिहून घेतल्या. कळंब, ढोकी, येडशी, येरमाळा, बार्शी, केज. मुळाक्षरांचा तक्ता बाजूला. रविवारी त्याला स्टँडवर घेऊन जायचं, गाडी लागली की हातातल्या पुठ्ठ्याशी तिची पाटी जुळवायची. चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात. त्या दिवशी येरमाळा हा शब्द त्यानं किती वेळा पाहिला असेल, देवी जाणे. तिथल्या येडेश्वरीला आम्ही येडाई म्हणतो. पोरं त्याला ‘येडं’ म्हणायची तेव्हा माझी आई हेच सांगून त्यांची तोंडं बंद करायची.

सगळ्यात आधी त्याला पक्कं झालेलं अक्षर कुठलं? ढ. ढोकीचा ढ. अभ्यासात मागं पडणाऱ्याला ‘ढ’ का म्हणतात, तर ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत गेली आणि ढ तेवढा जसाच्या तसा राहिला म्हणून, असं सांगतात. आमच्या घरी त्या ढच्या आनंदात बायकोनं शिरा केला. पुढच्या वर्षी तो कळंबच्या क वरून केज ओळखायला लागला. बार्शीतला रफार मात्र त्याला अजून दिसत नाही, तो बाशी वाचतो.

सरांनीही बदल केला. एकदम नाही. आधी नुसती सही बंद झाली, मग काही दिवस पान कोरंच यायचं. एका शनिवारी ‘येडशी’ पाच वेळा लिहिलेलं आलं, त्यातल्या तिसऱ्या येडशीभोवती लाल गोल. त्यात ड सुटला होता. खाली लिहिलं होतं, ‘चूक. पुन्हा लिही.’ सहीच्या जागी अक्षर जरा थरथरल्यासारखं होतं, की मलाच तसं वाटलं, ठाऊक नाही. पोरगं दिवसभर तो गोल सगळ्यांना दाखवत फिरलं. आजीला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला. बाकीच्या पोरांच्या वहीत असतो तसला गोल.

यंदाच्या उन्हाळ्यात मी त्याला गाडीत घेऊन गेलो होतो. बार्शीहून परतायचं होतं, ड्रायव्हर चढला, मी घंटी मारणार, तेवढ्यात हा काचेपुढं जाऊन ओरडला, “पप्पा, चुकलं!” मी म्हटलं बस खाली. तो बसेना. खाली उतरून बघतो तर पाटी उलटायचीच राहिली होती. गाडी कळंबला निघालेली आणि कपाळावर बार्शी. ड्रायव्हर मला म्हणाला, “काय मास्तर!”

जूनमध्ये शाळा उघडली आणि कळलं, सरांची बदली झाली. पाच-सहा वर्षं झाली की होतेच. आराखडा, पाट्यांचा अभ्यास, लाल गोल, हे सगळं सरांबरोबर दुसऱ्या तालुक्यात गेलं. आमच्याकडं राहिली फाईल. बायकोनं ती पिशवीत भरली, प्रमाणपत्र खाली, कायद्याचे कागद मधे. यावेळी मी सुट्टी काढून गेलो.

नवे सर तरुण होते, नम्र होते. कार्ड पाहिल्याबरोबर त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो हात ओळखीचा वाटला. “तुम्ही काही काळजी करू नका, ताई,” ते म्हणाले. “आम्ही सांभाळून घेऊ त्याला.”

“सांभाळायला घरी आजी हाय, सर,” बायको म्हणाली, आणि तिनं पिशवीतून तिसरीची वही काढली.