विटेवरचे उभे राहणे

मेढ्यात वेण्णेकाठी राहणारी मी एक निवृत्त कीर्तनकार. वय ७४. वडील आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेले; ज्ञानेश्वरी मी त्यांच्यापुढे बसून घेतली. चाळीस वर्षे देवापुढे उभी राहिले, पण उभे कसे राहावे हे मला साठीच्या उंबऱ्यावर नव्याने शिकावे लागले. विषय संकोचाचा आहे. संकोचाने काय होते तेही सांगणार आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐकावे.

पंधरा वर्षांपूर्वी डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. पुण्यात शस्त्रक्रिया झाली. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या आणि त्याच वेळी पाठीचा रुंद स्नायू वरच्या कातडीसह पुढे आणून छाती भरून दिली. "या वयात हे कशाला?" असे नात्यातल्या एकीने विचारलेच. मी म्हटले, "बाई, मला अजून वीणा गळ्यात घालायची आहे."

डॉक्टरांनी समजावले, की हा स्नायू मुळापासून तोडत नाहीत. काखेतून येणारी त्याची रक्तवाहिनी जपतात आणि तो नुसता वळवून पुढे घेतात. मूळ राहिले म्हणून तो नव्या जागी जगतो. याच रीतीची एक जुनी हकीकत पुण्याकडचीच आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला, विटा करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ती छापून आली. विटा करणाऱ्याचे हे काम वाचले, तेव्हा मला पंढरीची वीट आठवली.

दुसऱ्या दिवसापासून मूठ मिटणे-उघडणे, कोपर वाकवणे, खोल श्वास घेणे सुरू झाले. नळ्या निघाल्यावर भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायचे. मी भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढी. कधी चार दिवस रेघ तिथेच. जोर केला की काख दोरीसारखी ताणे, पाठीला पट्टा आवळल्यासारखे होई. तरी हात हळूहळू वर गेला.

पण घरी आल्यावर वेगळेच झाले. साताऱ्याच्या एसटीत वरची दांडी धरायला हात उचलायचा, तर पदर सरकेल ही धास्ती. चारचौघांत मी डावा खांदा पुढे घेऊन छाती झाकू लागले. मान खाली, पाठीला पोक. मान दुखू लागली, श्वास पुरेना, चाल लांबवता येईना. जखम तर भरली होती. मला वाकवले होते ते लाजेने.

व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एके दिवशी आरशापुढे उभे केले. "आजी, दोन्ही हात कमरेवर ठेवा. कोपरे मागे न्या. पाठीची पाती जवळ येऊ द्या. पावलांवर सारखा भार." मी तसे केले आणि हसूच आले. अहो, हा तर पांडुरंग! सहाव्या अध्यायात देह, मान आणि मस्तक सरळ ठेवावे, हे मी किती वेळा निरूपणात सांगितले होते. सांगणारीच वाकून उभी होती. त्या दिवसापासून रोज काकडा झाला की विठोबासमोर विठोबासारखी उभी राहू लागले.

सगळेच परत आले असे नाही. पाठीचा तो स्नायू हात खाली ओढण्याचे, रेटा देण्याचे काम करतो. त्यामुळे भरली कळशी उचलताना आणि जमिनीवरून रेटा देऊन उठताना डावी बाजू आजही कमी पडते. त्या हातात घट्ट बांगडी घालत नाही, विळीशी जपून बसते. हात जड वाटला, सूज दिसली की लगेच डॉक्टरांना दाखवते.

आता संकोचाचे सांगते. भजनी मंडळात मी "खांदा आखडला" एवढेच सांगितले होते. आमच्यातली एक माउली, दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन ताठ चालणारी. तिच्या छातीत गाठ होती. दुखत नव्हती म्हणून आणि लाजेने तिने वर्षभर कुणाला सांगितले नाही. मला कळले तेव्हा उशीर झाला होता. अंथरुणावरून ती म्हणाली, "ताई, तुम्हाला हेच झालं होतं हे ठाऊक असतं, तर मी बोलले असते." ती गेली. हजारो माणसांपुढे बोलणारी मी, पण जिथे बोलायला हवे होते तिथे गप्प राहिले. ते ओझे उतरत नाही.

म्हणून आता दर एकादशीला भजन संपले की बायकांना थांबवून सांगते. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी समजू नका. कातडी आक्रसली, बोंड आत ओढले गेले, रक्त आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शस्त्रक्रिया झाली असेल तर व्यायाम आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा, पण टाळू नका. आणि घरच्या पुरुषमंडळींनो, तिला "झाकून घे" म्हणू नका. तिच्याबरोबर भिंतीपाशी उभे राहा.

वयामुळे आवाज बसला, म्हणून कीर्तन सोडले. गजराला मात्र दोन्ही हात वर करते. डावा थोडा खाली राहतो. देवाला तो दिसतोच. आता आपणही पाहावा.

राम कृष्ण हरि.