हिना आणि माझी वही



थंडी पडली की मी हिना अत्तर काढते. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, ही आमच्या घरची जुनी रीत.

हिना म्हणजे मेंदीच्या फुलांचं, असं बऱ्याच जणींना वाटतं. ते 'गुल हिना', वेगळं. माझं शमामा जातीचं. लवंग, वेलदोडा, जायफळ, जटामांसी, नागरमोथा, शिवाय आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल! कनौजला हे तांब्याच्या डेगेत पाण्याबरोबर उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, तिथे चंदनाचं तेल आधीच असतं.

लावल्या लावल्या वास कडवट, औषधी येतो. घाबरू नका. थोड्या वेळाने लवंग वर येते, कानामागे ऊब वाटते. तासाभराने बासुंदीत जायफळ उगाळल्यासारखा गोडवा. संध्याकाळी पदराला नुसतं चंदन उरतं.

दुकानात मात्र मी खोदून विचारते. कस्तुरी नको, देवमाशाचं अंबर नको, नखला नको (तो समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण असतो). नागरमोथा जमिनीखालचा खरा, पण वाळलेली सुंठ-हळद आपण खातोच की.

ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात फाया लावून मंदिरात गेले, तर एक ओळखीच्या बाई हळूच म्हणाल्या, "आता कुणासाठी?" त्या दिवशी मी काही बोलले नाही. पण घरी येऊन रत्नकरंड श्रावकाचार पुन्हा उघडला. उपवासाच्या दिवशी अलंकार, गंध, फुलं, अंजन सोडावं, असं त्यात आहे. म्हणून अष्टमी-चतुर्दशीला माझी बाटली बंद. पण हा नियम उपवास करणाऱ्या सगळ्यांना आहे. नवरा गेलेल्या बाईसाठी वेगळं कलम मला त्यात सापडलं नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. माझ्या वहीत सोडलेल्या वस्तू मी माझ्या हाताने लिहिते, दुसऱ्याने परस्पर टाकलेली नोंद मी मान्य करत नाही. ह्यांच्यासाठी लावत होते का? थोडं त्यांच्यासाठीही. पण नाक माझंच होतं.

तीन मिलीची बाटली दिवाळीपासून होळीपर्यंत पुरते. यंदा जरा लवकर संपेल, कारण परवा सूनबाईने मनगट पुढे केलं. काडी टेकवली तर तोंड वाकडं करून म्हणाली, "आई, हे तर काढ्यासारखं!"

म्हटलं, तासभर थांब.